वरच्या खाचेतली वायर

"अक्का, एवढंच सांगा. ह्याला अपग्रेड करू का नवीनच घेऊ?"

पोरीनं कॉम्प्युटरचं कॅबिनेट माझ्या काउंटरवर ठेवलं आणि ओढणीच्या टोकानं त्याच्यावरची धूळ पुसली. वीस-एकवीसची असेल. रिक्षातून उतरवताना तिनं रिक्षावाल्याला हात लावू दिला नव्हता, स्वतःच छातीशी धरून आणलं होतं.

"काय होतंय त्याला?" मी विचारलं.

"गेम अडकायलाय. दसऱ्यापर्यंत झकास चालायचा. आता समोर कोण आला की स्क्रीन थांबतो, आणि परत सुरू होईपर्यंत मी मेलेली असते."

"मग मर की. गेमच आहे तो."

ती हसली नाही. "रविवारी चार वाजता मॅच आहे अक्का. आम्ही पाच जण. त्यात मी एकटी मुलगी. ते म्हणतात, रविवारपर्यंत मशीन नीट कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो. त्यांना निमित्तच पाहिजे."

"घरचे काय म्हणतात?"

"अण्णा म्हणतात, हे मशीन संपलं, नवीन घेऊ. पण त्यांचं दुकान बंद पडलंय. आता पावण्यांच्या हार्डवेअरमध्ये काउंटरला बसतात. माझ्यासाठी त्यांनी परत कुणापुढं हात पसरायला नकोत. रॅम वाढवून, कार्ड बदलून भागत असेल तर बघा."

मला पोरगी आवडली. खोटं कशाला बोलू? सरळ बोलणारी, आपल्या मशीनला जपणारी. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि सहज विचारलं, "नाव काय तुझं?"

"अनुजा चौगुले."

आमच्या जयसिंगपुरात चौगुले चिक्कार. "कुठले चौगुले?"

"भरत चौगुले. स्टँडसमोर 'भरत कॉम्प्युटर' होतं बघा. त्यांची मुलगी."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

ह्या भरत चौगुलेच्या दुकानात मी, राजमती मगदूम, सहा वर्षं राबले. मशीन जोडायची मी, बिघडलं की उघडायची मी. गिऱ्हाइकानं विचारलं की हा ऐटीत सांगायचा, "आमचे इंजिनियर आत आहेत." आत मीच असायची, पडद्यामागं. बाहेर आले तर गिऱ्हाईक बिचकतं म्हणायचा. ते पण सोसलं.

मग एके दिवशी शशिकांत कुरणे फोटोग्राफर आपली हार्ड डिस्क घेऊन आले. एका मोसमातल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यात. भरतचा पुतण्या संदेश आठच दिवसांपूर्वी दुकानात चिकटला होता. त्यानं दुसरी डिस्क पुसायची सोडून ती पुसली. माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडेपर्यंत सगळं कोरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कुरणे आले, त्यांच्या मागून तीन लग्नघरची माणसं आली. दुकानासमोर ही गर्दी. भरतअण्णानं पडदा सरकवला, माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि म्हणाला, "हिनं केलं. बाईच्या हातात हत्यार दिलं की असंच व्हायचं."

मी म्हटलं, "अण्णा, मी नाही केलं."

परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत कुरणे माझ्या पायाशी थुंकले. संदेश शेजारी उभा राहून नखं खात होता, आणि हा बाबा त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता.

माझे वडील, दादा, एस.टी.त कंडक्टर होते. आयुष्यात कुणाचे सुट्टे पैसे बुडवले नाहीत. ते कुरण्यांच्या दारी आणि त्या तीन घरी गेले आणि मी न केलेल्या गोष्टीसाठी हात जोडून आले. एका घरी तर त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यानंतर ते कट्ट्यावर जायचे बंद झाले. मला गावात कुणी काम देईना. वर्षभर साड्यांना फॉल-पिको केलं. मग हे एवढंसं दुकान टाकलं आणि नेटानं चालवलं. ते बरं चाललेलं बघायला दादा उरले नाहीत. ते गेले त्या दिवशी मी ठरवलं होतं, ज्या लोकांसमोर ह्यानं मला उभं केलं, त्याच लोकांसमोर एक दिवस ह्याला उभं करीन. मी विसरणाऱ्यातली नाही.

आणि आता ह्याची पोरगी माझ्या काउंटरवर कोपरं टेकून उभी होती.

"अक्का? बघताय ना?"

"बघते की," मी म्हटलं.

मी कॅबिनेट माझ्या स्क्रीनला जोडलं आणि गेम लावायला सांगितला. गेम अस्सा पळाला! पोरगी डोळे फाडून बघत बसली.

"हे कसं काय? घरी तर रडतोय हा!"

"दसऱ्याला काय केलं होतं ह्याचं?"

"खंडेनवमीला पूजेला मांडलेला. सगळ्या वायरी काढल्या, आतून-बाहेरून पुसला, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाल्यावर परत जोडला."

झालं. मला कळायचं ते कळलं.

ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेमच्या मशीनमध्ये चित्र काढायला वेगळं कार्ड घातलेलं असतं, महागातलं. स्क्रीनची वायर त्या कार्डाला लावायची असते. त्याची खाच खाली असते. पण मशीनच्या अंगचीही एक तसलीच खाच असते, वरच्या बाजूला. वायर दोन्हीकडं बसते आणि चित्र दोन्हीकडून दिसतं. पण वर लावली की ते कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि गेम रडायला लागतो. लोक दुकानात नुसतं कॅबिनेट आणतात, दुकानदार नीट जोडतो, मशीन पळतं. घरी नेलं की पुन्हा रडगाणं. दर दसऱ्यानंतर अशी दोन-तीन मशीन माझ्याकडं येतातच. मी हसते, वायर कुठं लावायची ते दाखवते आणि पाठवून देते.

ह्या पोरीलाही तेवढंच सांगायचं होतं. "बाई, वायर खाली लाव." चार शब्द. ना अपग्रेड, ना नवीन.

मी ते चार शब्द गिळले. घरात एवढा मोठा दुकानदार असताना वायर दुसरं कोण लावणार? सहा वर्षं 'आमचे इंजिनियर, आमचे इंजिनियर' करणाऱ्याला वरची खाच आणि खालची खाच कळत नव्हती. देवानं हे माझ्या काउंटरवर आणून ठेवलं होतं, आणि मी ते पोरीच्या कानात कुजबुजून संपवू?

"अवघड आहे," मी तोंड पाडून म्हटलं. "असं नुसतं कॅबिनेट बघून नाही सांगता यायचं. शनिवारी अकराला ये. स्क्रीन, वायरी, सगळं घेऊन ये. तुझ्या टीमच्या पोरांनाही आण, त्यांचीही खात्री होऊ दे. आणि अण्णांना घेऊन ये."

तिचा चेहरा उतरला. "अण्णा इथं नाही यायचे ओ. तुमच्या दुकानावरून जायचं झालं तरी पलीकडच्या गल्लीनं जातात."

"का गं?"

"विचारलं तर सांगत नाहीत."

"मग तूच बघ बाई. ते आले तरच सांगीन, अपग्रेड का नवीन."

मग मी कुरण्यांना फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा आवाज गारच होता. मी म्हटलं, "काका, शनिवारी अकराला या. तुमच्या पुसलेल्या डिस्कबद्दल एक गोष्ट दाखवायचीय." ते "बघतो" म्हणाले. मला माहीत होतं, येणार. शेजारचा चहावाला, समोरचा झेरॉक्सवाला, सगळ्यांना मी सांगून ठेवलं, "शनिवारी या, गंमत आहे." दोन दिवस मला घास गोड लागत होता.

शनिवारी अकराच्या आधीच दुकान भरलं. टीमची चार पोरं आली, एकसारखे टी-शर्ट घालून. त्यातला एक, गॉगल डोक्यावर चढवलेला, आल्या आल्या म्हणाला, "अनुजा, आज काय ते फायनल कर हां. मुलींचं नेहमी काहीतरी अडतंच." बाकीचे फिदीफिदी हसले. कुरणे दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

मग भरतअण्णा आला. स्क्रीन दोन हातांत धरलेला, पायात साध्या चपला. किती वाळला होता! एके काळी शर्टाला कडक इस्त्री असायची. मला क्षणभर काहीतरी वाटलं. दादांचा चेहरा आठवला आणि ते वाटणं गेलं.

"पोरगी ऐकेना, म्हणून आलो," तो म्हणाला. कुरण्यांना बघून थबकला, पण परत फिरला नाही.

"या की अण्णा, या," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय कसं ठरायचं? मांडा तो स्क्रीन. आता मला एवढंच सांगा, घरी ही वायर कोण लावतं?"

"ती ना अक्का..." अनुजा बोलायला लागली.

"मी," भरतअण्णा म्हणाला. "मीच लावतो."

"मग घरी लावता तशीच लावा. मी हात लावणार नाही."

तो कॅबिनेटच्या मागं वाकला. वायर धरलेला हात खालच्या खाचेपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं मान वर केली. एकदा पोरीकडं बघितलं, एकदा त्या चार पोरांकडं, आणि मग माझ्याकडं. मला वाटलं, गोंधळला बिचारा. मी आतून अशी खूश झाले की विचारू नका. त्यानं हात वर नेला आणि वायर वरच्या खाचेत दाबली.

"लाव गं गेम," मी म्हटलं.

गेम सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर अडकला. परत अडकला. गॉगलवाल्यानं कपाळावर हात मारला.

"बघा," मी आवाज चढवला, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावा म्हणून. "सगळ्यांनी नीट बघा." मी वायर उपसली, खालच्या खाचेत लावली, आणि गेम पळायला लागला. "अपग्रेड नको आणि नवीनही नको. मशीनला धाड झालेली नाही. दसऱ्यापासून वायर चुकीच्या ठिकाणी आहे. ह्या गावाला पंधरा वर्षं कॉम्प्युटर विकले, आणि ह्या माणसाला साधी वायर लावता येत नाही!"

चहावाला पहिल्यांदा हसला. मग सगळेच. गॉगलवाला म्हणाला, "काका, तुमचं तर दुकान होतं ना ओ?" झेरॉक्सवाल्यानं टाळी दिली. भरतअण्णा उभाच होता, हात लोंबत. मी बघत होते, पोटभर बघत होते.

तेवढ्यात कुरणे आत आले. ते मात्र हसत नव्हते.

"भरत," ते म्हणाले, "तुला वायर कळत नाही, मग माझी डिस्क कुणी पुसली रे? तूच ना? आणि ह्या राजमतीवर ढकललंस?"

भरतअण्णानं वाकून ती वायर काढली. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कुरण्यांनी त्यांच्या परीनं लावला. ते माझ्याकडं वळले. सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. "राजमती, तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं. मी फार वाईट वागलो. तुझे वडील माझ्या दारात आले होते, त्यांना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. माफ कर."

मला रडू आलं. सहा वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी जगले होते.

भरतअण्णानं वायरी गुंडाळल्या, स्क्रीन उचलला. जाताना माझ्यासमोर थांबून हळूच म्हणाला, "मशीन चांगलं ओळखलंस." एवढंच. अनुजा मान खाली घालून कॅबिनेट घेऊन त्याच्या मागं गेली.

घरी जाऊन मी दादांच्या फोटोला हार घातला आणि मोठ्यानं सांगितलं, "दादा, झालं."

सोमवारी सकाळी दुकान उघडत होते तर अनुजा पायरीवर बसलेली.

"काय गं, मॅच जिंकली?"

"जिंकली. टीमनं मला ठेवलं." ती उठली. "अक्का, वायर मी लावली होती."

"काय?"

"खंडेनवमीला. पूजा झाल्यावर मी जोडलं. अण्णांनी हातसुद्धा लावला नव्हता. इथं वाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी बोलणार होते, पण त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. घरी गेल्यावर म्हणाले, तुझं नाव आलं असतं तर त्या पोरांनी तुला त्याच पायरीवर सोडलं असतं. बाईच्या हातात दिलं की असंच, असं म्हणाले असते."

मी कुलूप हातात घेऊन उभी राहिले. तो खाली गेलेला हात, मग वर गेलेला हात. सगळं डोळ्यांसमोर आलं.

"तुमचंही सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "डिस्क संदेशदादानं पुसलेली. तो मोठ्या काकांचा एकुलता एक, म्हणून अण्णांनी तुमचं नाव घेतलं. काल आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना रडताना बघितलं मी. ते कुरणेकाकांकडं जायला तयार आहेत, खरं काय ते सांगायला. संदेशदादाचं नाव घेऊन. तुम्ही फक्त वायरीचं खरं सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, बापाला वाचवायला बोलतेय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"आणि तुझी टीम?"

"गेली तर गेली. दुसरी बघीन. कालपासून पोरं अण्णांना बघून हसताहेत. आज ते कामावर गेले नाहीत, अक्का. कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेत."

माझे दादाही तसेच पडायचे, भिंतीकडं तोंड करून. चार वर्षं.

"माझ्या बापासाठी कोण आलं होतं गं?" मी म्हटलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मी आलेय."

सरळ बोलणारी पोरगी. मी तिच्याकडं बघितलं आणि सांगायचं तर मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. डिस्कचं खरं, संदेशच्या नावासकट, ती माझ्या पायरीवर आणून देत होती. आणि मला ते नकोच होतं. मला तो भिंतीकडं तोंड करून पडलेलाच हवा होता.

"शनिवारी वायर त्यांनीच लावली," मी म्हटलं. "सगळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं. मी त्यात काय खोटं सांगितलं?"

"अक्का!"

"जा तू. माझ्याकडं कामं पडलीत."

ती गेली. ती कुरण्यांकडंही जाऊन आली, हे मला नंतर कळलं, कारण संध्याकाळी कुरणे आले. "ती पोरगी म्हणत होती वायर तिनं लावली. खरं का गं?" मी म्हटलं, "काका, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना?" ते म्हणाले, "बघितलं की," आणि चहा पिऊन गेले. भरतअण्णाही एकदा त्यांच्या दारात गेला म्हणतात. त्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

कुरणे लग्नाच्या प्रत्येक मांडवात ती गोष्ट सांगायचे. मी असले तर मला करून दाखवायला लावायचे, हात आधी खाली कसा गेला, मग वर कसा गेला. मी करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. आमच्याकडं माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही. महिन्याभरात तो वायरअण्णा झाला. पुढं पुढं तर नव्या पोरांना त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. माझं दुकान वाढलं. गावात कुणाला अपग्रेड का नवीन असा प्रश्न पडला की लोक म्हणायचे, राजमतीकडं जा, तिला सगळं खरं कळतं.

ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात भरत चौगुले गेला. सकाळी दुकानाला जाताना चौकात फ्लेक्स लागलेला दिसला, चार बाय सहाचा. गल्लीतल्या तरुण मंडळानं लावलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे त्याचा कडक इस्त्रीतला जुना फोटो, खाली नाव. आमच्याकडं नावापुढं कंसात टोपणनावही छापतात, लोकांना ओळख पटावी म्हणून. पोरांनी मायेनंच छापलं होतं. कै. भरत आप्पासाहेब चौगुले, आणि कंसात, वायरअण्णा.

अनुजा फ्लेक्सखाली उभी होती. पुण्याहून आली असणार. मंडळाच्या पोराला ती हात जोडून सांगत होती, "एवढं कंसातलं झाक रे." पोरगा गोंधळला होता. "का ओ ताई? सगळे त्यांना तसंच म्हणायचे."

तिनं मला बघितलं. पोरगा तिथंच उभा होता, चौकात दहा-बारा माणसं होती, कुरणे चहाच्या गाड्यावर होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"अक्का," ती म्हणाली. "आता तरी."

मी फोटोला हात जोडले, मयताला जोडतात तसे, आणि दुकान उघडायला गेले.